दुसरीतल्या मुलांचं वाचन तपासताना मिनिटाला किती शब्द एवढंच बघायचं का?

मननदीकाठ

नमस्कार. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेवर मी शिकवते. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. माझ्या खोलीत एकूण २३ मुलं, त्यातली ११ दुसरीची. माझं माहेर कराडकडचं. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड झाली आणि २०२४ मध्ये इथे रुजू झाले, म्हणजे अजून नवीच आहे.

मागच्या महिन्यात दुसरीच्या मुलांचं वाचन घेतलं. निपुण भारत ही लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीची सरकारी मोहीम, तिच्या उद्दिष्टांत दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द असं दिलंय. म्हणून मोबाइलवर एक मिनिट लावलं, एकेकाला जवळ बसवलं, उतारा दिला आणि बरोबर वाचलेले शब्द मोजले. मग वर्गाच्या भिंतीवर यादी लावली. ४५ च्या वर हिरवा ठिपका, खाली लाल.

दोन मुलांविषयी विचारायचंय. नावं बदलून लिहिते. सोनीने ५४ शब्द वाचले. तडतड, एका दमात, कुठे श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही. उतारा एका शेळीचा होता. मी विचारलं, "शेळी विहिरीपाशी का थांबली?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मी थांबवून परत विचारलं, तर गप्प.

बंड्याने २२ शब्द वाचले. प्रत्येक शब्दाखाली बोट, ओठ आधी आतल्या आत हलतात, मग आवाज येतो. मिनिट संपलं तेव्हा तो उताऱ्याच्या मध्यावरही नव्हता. पण "पुढे वाचू का?" असं त्यानेच विचारलं, मी वाचू दिलं. वाचून झाल्यावर तोच प्रश्न विचारला. म्हणाला, "तिले पानी प्याचं होतं बाई, पन दोर तुटला होता ना. मंग ते पोरगं येईलोक ते थांबली." उताऱ्यात "दोर तुटला होता" हे वाक्य एका ठिकाणी आहे आणि "मुलगा आला" हे दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही त्याने स्वतः जोडलं.

माझ्या यादीत सोनी हिरवी आणि बंड्या लाल. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर तो भिंतीजवळ उभा राहून यादी बघत होता. "बाई, मी लाल हाओ का?" मला काय बोलावं ते सुचलं नाही.

तर प्रश्न असे.

या दोघांत वाचनात पुढे कोण? मला वाटतं बंड्या. पण हे माझं नुसतं वाटणं आहे की ते दाखवता येण्यासारखं काही आहे?

दुसरं, इथली बरीच मुलं "शाळा" हा शब्द "शाया" असा वाचतात, "डोळे" म्हणजे "डोये". मी तो शब्द चूक धरला. एकाच उताऱ्यात सहा-सात ठिकाणी ळ होता, त्यामुळे काहींचे तेवढे शब्द गेले. हे बरोबर केलं का?

तिसरं, पहिलीची १२ मुलं समोर असताना दुसरीच्या एकेका मुलापाशी निवांत बसायला वेळ कसा काढता?

गोष्टीचा तास

ताई, आधी ती यादी भिंतीवरून काढा. उद्याच काढा. बाकीचं सावकाश करता येईल.

मी पालघर जिल्ह्यात वाडा भागात १४ वर्षं पहिली-दुसरीच शिकवतेय. वेगाचा आकडा निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. मूल एकेक अक्षर जुळवण्यात अडकलं की वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. म्हणून ठरावीक वेग लागतोच. पण मिनिटाला १० शब्द आणि ४० शब्द यांत जो फरक आहे, तसा ४५ आणि ५५ मध्ये नाही. शिवाय मराठीचा शब्द हा मोजायला अवघड प्रकार आहे. हिंदीत "घर के बाहर" हे तीन शब्द, आपल्याकडे "घराबाहेर" हा एक. "माँ के साथ" तीन, "आईबरोबर" एक. "अंगणातल्यासारखं" हा एक शब्द वाचायला दुसरीच्या मुलाला किती खटपट करावी लागते ते तुम्ही पाहिलंच असेल. मार्च २०२२ मध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांचा मोठा अभ्यास केला होता. सुमारे ८६ हजार मुलं, जवळपास १० हजार शाळा, २० भाषा, आणि प्रत्येक मूल एकटं समोर बसवून. त्यात मापदंड भाषेगणिक वेगळे काढले, त्याचं कारण हेच. त्यामुळे तुमचा शेळीचा उतारा कोणत्या शब्दांचा होता, त्यावर ५४ चा अर्थ अवलंबून आहे.

आता मी काय करते ते सांगते. न्यूझीलंडच्या मारी क्ले यांनी ही पद्धत बसवली. मूल वाचतं तेव्हा शिक्षकाने शब्दागणिक नोंद करायची. मी ती मराठीसाठी माझ्या सोयीने वळवून घेतली आहे. घड्याळ लावत नाही. साधारण १०० शब्दांचा, मुलाने आधी न पाहिलेला मजकूर. एक प्रत मुलाकडे, एक माझ्या वहीत. बरोबर शब्दावर बारीक रेघ. चुकला तर छापील शब्दाच्या डोक्यावर मूल जे बोललं तेच जसंच्या तसं लिहायचं. स्वतःहून सुधारलं तर "सु". मला सांगावं लागलं तर "सां". वाचताना मी चेहऱ्यावर काही दाखवत नाही, मध्ये बोलत नाही.

१०० शब्दांत पाचपर्यंत चुका असतील तर तो मजकूर मुलाला सोपा. सहा ते दहा असतील तर शिकवायला नेमका तोच घ्यायचा. दहाच्या वर गेल्या तर मजकूर बदला. त्यावर मूल झुरत बसतं आणि वाचनावरचं मन उडतं.

खरं काम पुढे आहे, चुका वाचण्याचं. समजा वाक्य आहे: "आजीने माळ्यावरून मडकं काढलं." एक मूल वाचतं "मटकं". दुसरं वाचतं "माठ". आकड्यात दोघांची एकेक चूक. पण पहिल्याने अक्षरं पाहिली, अर्थाकडे लक्ष नाही, कारण मटकं असं काही नसतंच आणि तरी त्याला काही खटकलं नाही. दुसऱ्याने म पाहिला, आजी काहीतरी भांडं काढतेय हे ओळखलं आणि पुढची अक्षरं न बघता अंदाज टाकला. पहिल्याशी मी गोष्टीबद्दल जास्त बोलते. दुसऱ्याला म्हणते, "बोट ठेव, शब्द शेवटपर्यंत बघ." आणि तिसरं मूल असतं, ते "मटकं" म्हणतं, थबकतं, परत मागे जातं, "मडकं" म्हणतं. ते "सु". वहीत "सु" वाढायला लागले की मी निश्चिंत होते, मग वेग कमी का असेना. ते मूल स्वतःचं वाचन स्वतः ऐकतंय.

आपल्या लिपीच्या काही जागा ठरलेल्या आहेत, त्यांच्यासाठी मी वहीत वेगळे रकाने आखलेत. घ-ध, भ-म, थ-य, ब-व ही दिसायला जवळची अक्षरं. पहिली वेलांटी, कारण ती अक्षराच्या आधी काढतात आणि उच्चारतात नंतर, म्हणून "पिशवी"शी आलं की मूल अडतं. रफार, कारण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चार त्याच्या आधी येतो. "सूर्य"चं "सूयर" होणं मी दर वर्षी ऐकते. "किती"चं "कीती" झालं तर मी मोजत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपल्याही बोलण्यात तितका उरलेला नाही.

वाचून झालं की पहिला प्रश्न कधीही "का" किंवा "कोण" नसतो. आधी म्हणायचं, "मला सांग बरं काय झालं." ते स्वतः सांगतं ते ऐकायचं, मग मजकुरात सरळ असलेलं एक विचारायचं, मग एक असं की जे दोन वाक्यं जोडल्याशिवाय सांगता येणार नाही. तुमच्या बंड्याने ते न विचारताच केलं. म्हणून तुमचं वाटणं बरोबर आहे, आणि ते दाखवता येतं.

वेळेचं: एका मुलाला पाच-सहा मिनिटं. दिवसाला दोन मुलं, म्हणजे तुमची अकरा मुलं सहा दिवसांत. मधल्या सुट्टीनंतरची पहिली दहा मिनिटं मी यासाठी ठेवलीत. बाकीची मुलं तेव्हा जोडीने चित्रांची पुस्तकं बघतात. आरडाओरडा होतो, होऊ द्या. पहिल्या आठवड्यात त्रास होतो, मग मुलांनाच कळतं की बाई आता कोणाचं तरी ऐकतायत.

गावपाहणी

शिक्षक नाही, पण कॉलेजात असताना असरच्या पाहणीत (गावातल्या मुलांचं वाचन-गणित घरोघरी जाऊन तपासतात ती) दोन वेळा गावोगाव फिरलोय, म्हणून एक भर घालतो. असरचा कागद २००५ पासून साधारण तसाच आहे. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. आम्हाला सुरुवात परिच्छेदापासून करायला शिकवलं होतं. जमला तर वर गोष्टीकडे, अडला तर खाली शब्दांकडे. पाचपैकी चार शब्द आले की शब्द स्तर, पाचपैकी चार अक्षरं आली की अक्षर स्तर. घरात, ओट्यावर, गोठ्यात, जिथे मूल असेल तिथे.

त्यातून जिल्ह्याचं, राज्याचं चित्र कळतं. ग्रामीण भारतात तिसरीतली जी मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती, ती २०१८ मध्ये २७.३ टक्के, २०२२ मध्ये २०.५ टक्के आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के. कोविडमध्ये किती गेलं आणि किती परत आलं हे यातून दिसतं. पण एखाद्या घरात आईने विचारलं की "आता याचं काय करू?", तर त्या कागदात उत्तर नसायचं. परिच्छेद स्तर म्हणजे काय अडतंय ते कळत नाही. त्यासाठी वरच्या ताईंची वहीच लागेल.

तुरीच्या शेंगा

मॅडम, मी तुमच्याच भागातला. ३३ वर्षं प्राथमिकवर काढली, आता घरी तुरी-कपाशी बघतो. "शाया"चं मी सांगतो, कारण मीसुद्धा लहानपणी शायेतच गेलो.

वऱ्हाडात ळ चा य होतो. डोये, केयं, कायं, फयं. घरात आई तेच बोलते, आजी तेच बोलते. पोराने पुस्तकात ळ पाहिला, तो ओळखला, आणि त्याच्या तोंडात त्या शब्दाचा जो उच्चार आहे तो केला. हे वाचन पूर्ण बरोबर आहे. उलट अक्षरावरून थेट आपल्या बोलीत गेला म्हणजे शब्द त्याला कळला. "पाणी"चं "पानी"सुद्धा तसंच. तुम्ही जे शब्द कापले ते परत द्या.

आता तुम्हाला शंका येईल की त्याला ळ खरंच येतो की तो ळ आणि य एकच समजतो? त्याची तपासणी सोपी आहे. एका कार्डावर "माळ" लिहा, एकावर "माय". दोन्ही तो "माय" वाचू शकतो. मग म्हणा, "यातली गयात घालाची कोणती आन् घरी स्वयंपाक करते ते कोणती?" बरोबर उचललं की झालं. मी हे शेकडो पोरांसोबत केलं. फार थोडी चुकली, आणि जी चुकली त्यांना खरंच ळ येत नव्हता, त्यांच्यावर मग काम केलं.

ळ म्हणायला शिकवू नये असं माझं म्हणणं नाही. शिकवा. गाण्यातून, म्हणण्यातून शिकवा, पुढे त्याला प्रमाण भाषा लागेलच. पण ते बोलण्याचं शिकवणं झालं. वाचनाचे गुण त्याच्यासाठी कापू नका. पोराला वाटते आपल्या घरचं बोलणंच चूक आहे, आणि मग ते मोठ्यानं वाचणंच बंद करते. मी सुरुवातीच्या वर्षांत हे केलं आहे. एक मुलगी चौथीपर्यंत माझ्यासमोर तोंडातल्या तोंडात वाचत राहिली, ते मला अजून आठवते.

आणखी एक. तुमची तपासणी कोणत्या महिन्यात झाली? दसऱ्यानंतर कापूस फुटला की घरची सारी वेचणीला. लहान पोट्टे बांधावर, मोठी पोरगी लहान भावाला सांभाळायला घरी. हजेरी पडते. अशात घेतलेला आकडा पोराचा नसतो, त्याच्या गेलेल्या दिवसांचा असतो. हजेरीपटावरचे दिवस आकड्याशेजारी लिहून ठेवा. दिवाळीनंतर शाळा उघडल्यावर पहिले आठ-दहा दिवस मी कोणाचंही वाचन तपासत नव्हतो, नुसत्या गोष्टी वाचून दाखवायचो. मग बसायचो.

खिळे आणि अक्षरं

मी पुण्यात डीटीपीचं काम करतो, लहान मुलांच्या पुस्तकांचं जास्त. तुम्ही मुलांपुढे ठेवलेला उतारा कशात छापला होता, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

मोबाइलवर किंवा संगणकावर टाइप करून प्रिंट काढली असेल तर त्यातला ल आणि श एकदा पाठ्यपुस्तकाशी ताडून बघा. मराठी मुलांना पुस्तकात दोन पाकळ्यांचा ल आणि देठाचा श शिकवला जातो. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी हीच वळणं ठरवली आहेत. पण बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण येतं, दांडीचा ल आणि गाठीचा श. आपल्याला डोळ्यांना सवय असते, जाणवतसुद्धा नाही. दुसरीतल्या मुलाने ते अक्षर आयुष्यात पाहिलेलं नसतं. "लाल शाल" एवढ्या दोन शब्दांत त्याला चार अनोळखी खुणा लागतात आणि आपण म्हणतो अडखळला.

मराठी वळणाचा फॉन्ट घ्या, टाइप करताना मजकुराची भाषा मराठी निवडा, नाहीतर सरळ हाताने, मोठ्या अक्षरात, ओळींत भरपूर जागा सोडून लिहा. तुमचं अक्षर मुलांच्या ओळखीचं असतं, तेच सगळ्यात चांगलं. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका. एक वाक्य दोन ओळींत जाणार असेल तर श्वास घ्यायच्या जागी तोडा.

मननदीकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. आधी सगळं करून बघावं असं वाटलं.

यादी त्याच दिवशी काढली. मुलांनी विचारलं कुठे गेली, मी सांगितलं की तपासताना माझ्याकडून चुका झाल्या होत्या, पुन्हा नीट ऐकणार आहे. तेवढं त्यांना पुरलं.

उताऱ्याची प्रिंट काढून बघितली. दांडीचा ल, गाठीचा श. पूर्ण पानभर. शेळी, लांब, शेत, लहान. मी ते पान शंभर वेळा हाताळलं असेल आणि मला दिसलं नव्हतं. आता वहीच्या दोन ओळींत एक ओळ सोडून हाताने लिहिते.

"माळ" आणि "माय"ची कार्डं केली. अकराच्या अकरा मुलांना विचारलं. दहांनी बरोबर उचललं. एक मुलगी अडली, तिला खरंच ळ ओळखता येत नव्हता आणि मला इतके महिने ते कळलंच नव्हतं, कारण सगळेच "शाया" म्हणतात म्हणून मी सगळ्यांना एकच चूक लावत होते. गुरुजी, ती मुलगी बोलीच्या आड लपून गेली असती. आता तिच्यासोबत रोज पाच मिनिटं ळ चे शब्द चालू आहेत. ती ते "य"च म्हणते, पण आता बोट बरोबर ठेवते.

आता सोनी. तिला नवा, माझ्या हाताने लिहिलेला, आधी कुठेच न आलेला मजकूर दिला. आजी आणि चिंचांच्या मडक्याची छोटी गोष्ट केली, वरच्या ताईंच्या वाक्यावरूनच. सवयीने वेळ लावला तर मिनिटात १९ शब्द. मला धक्का बसला. तिच्या आईशी बोलले तेव्हा उलगडा झाला. तिचा मोठा भाऊ आमच्याच शाळेत, दोघं रात्री एकत्र अभ्यासाला बसतात, तो मोठ्याने वाचतो आणि ती ऐकून म्हणते. शेळीचा उतारा मी सरावाच्या जुन्या पुस्तिकेतून घेतला होता, आणि ती पुस्तिका त्यांच्या घरी होती. सोनीने तो पाठ म्हटला होता. तिचे डोळे कागदावर होते म्हणून मला वाटलं वाचतेय. आता मला आठवतं की तिचं बोट शब्दांच्या मागे राहत होतं, तोंड पुढे. तेव्हाच कळायला हवं होतं. तिची स्मरणशक्ती अचाट आहे, ती वाया घालवायची नाही. आता ती रोज मला एक गोष्ट तोंडी सांगते, मी ती तिच्याच शब्दांत कागदावर उतरवते आणि दुसऱ्या दिवशी तेच ती वाचते. अर्थ आधीच तिचा असतो, फक्त अक्षरांकडे बघायचं उरतं. आठवड्यापूर्वी ती तिच्याच गोष्टीत अडली आणि म्हणाली, "बाई, मी हे असं नोतं म्हटलं." मी चुकून "गेली"च्या जागी "आली" लिहिलं होतं. तिने ते वाचून पकडलं. मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं.

बंड्याची नोंद तीनदा घेतली. १०० शब्दांत पहिल्यांदा ९ चुका, त्यातल्या ४ "सु". बाकीच्या पाचांतल्या चार पहिल्या वेलांटीच्या आणि जोडाक्षरांच्या. बाकी अक्षरं त्याला सगळी येतात. म्हणजे तो हळू आहे तो अक्षरं येत नाहीत म्हणून नाही, त्या दोनच जागी तो थांबतो, आणि थांबला की वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतो, अर्थ सुटू नये म्हणून. मिनिटातला अर्धा वेळ त्याचा मागे जाण्यातच जायचा. तेवढ्यावरच काम केलं. "ि" असलेले शब्द त्याच्या रोजच्या आयुष्यातले घेतले: विहीर, दिवा, निंदण, मिरची, हिरवा. निंदण शब्द त्यानेच सुचवला. रोज दहा शब्द, त्यातल्या तीन-चार शब्दांचं त्याने वाक्य करायचं. तिसऱ्या नोंदीत ६ चुका आणि वेग मोजला तर ३१. उद्दिष्टाच्या खालीच आहे. पण काय अडत होतं आणि काय सुटलं हे मला आता नेमकं सांगता येतं, आणि त्यालाही. परवा तो पहिलीतल्या एका मुलाला सांगत होता, "हे वेलांटी आधी दिसते पन नंतर बोलाची."

हजेरीचे दिवस आकड्याशेजारी लिहायला लागले. वेचणीमुळे एका मुलाचे महिन्यात नऊ दिवस भरलेत. त्याच्या आकड्यावरून मी आता काहीच ठरवत नाही, फक्त तो आला की आधी त्याला गोष्ट वाचून दाखवते.

दोन गोष्टी अजून अडतात. माहिती भरताना प्रत्येक मुलापुढे एकच स्तर किंवा एकच आकडा भरावा लागतो, तिथे बंड्याचं काय लिहू? आणि जोडाक्षरांत आधी कोणती घ्यावी? मी पुस्तकाच्या क्रमाने चाललेय, पण त्याला "क्क", "च्च" लगेच येतात आणि "त्र", "श्र" अजिबात नाही.

गोष्टीचा तास

आकडा जो आहे तोच भरा, ३१. वाढवू नका आणि त्यासाठी वाईट वाटून घेऊ नका. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जाताना मात्र तुमची वही घेऊन जा. मी आमच्याकडे तीन मुलांची तीन-तीन पानं दाखवली होती, जूनची आणि डिसेंबरची शेजारी शेजारी. वाद झाला नाही, बाकीच्यांनी पानांचे फोटो काढून घेतले.

जोडाक्षरांचा क्रम डोळ्यांना दिसेल तसा लावा. ज्यात दोन्ही अक्षरं ओळखू येतात ती आधी: क्क, च्च, म्ह, न्ह, स्त, ल्ल. "म्हैस", "पुस्तक", "पिल्लू" हे शब्द मुलांच्या तोंडात असतातच. मग पायमोडीची, म्हणजे "हट्ट", "लठ्ठ". र चे प्रकार शेवटी, आणि तेही एकेक करून. आधी "क्र", "प्र", "ग्र" यांतली तिरपी रेघ, मग "ट्र", "ड्र", मग रफार, आणि "दऱ्या", "वाऱ्यावर" यांतला ऱ्य अगदी सगळ्यांत शेवटी. "त्र", "श्र", "ज्ञ", "क्ष" यांत मूळ अक्षर दिसतच नाही, म्हणून बंड्याला ती जुळवता येत नाहीत. त्यात त्याची काही चूक नाही. ती त्याला नवीन अक्षर म्हणूनच शिकवा, जसा क शिकवला तसा. "त्र"साठी छत्री दाखवा, "श्र"साठी श्रावण, आणि तो महिना त्याच्याकडे कसा असतो ते त्याला सांगू द्या.

तुरीच्या शेंगा

मॅडम, त्या ळ वाल्या पोरीला "बाळापूर" लिहून द्या. आपल्या तालुक्याचं नाव आहे, एसटीच्या पाटीवर रोज दिसते. बाजाराच्या दिवशी आईसोबत गेली की वाचून येईल, आणि तुम्हाला सांगेल.